प्लास्टिकचा करार आणि उकिरड्यावरचे आरक्षण

१५ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी आपल्याकडे झेंडावंदनाचे कार्यक्रम चालू होते. त्याच वेळी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातून १८० हून अधिक देशांचे प्रतिनिधी रात्रभर जागून रिकाम्या हाताने बाहेर पडत होते. प्लास्टिकच्या प्रदूषणाला आळा घालणारा, सर्व देशांवर कायद्याने बंधनकारक असा करार करण्यासाठी ते दहा दिवस बसले होते. करार झाला नाही. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चाही झाली नाही. जिनिव्हा कुठे आणि आपली वस्ती कुठे, असे अनेकांना वाटले असेल. परंतु त्या सभागृहात ज्या वस्तूवरून भांडण चालले होते, ती वस्तू शेवटी ज्यांच्या पाठीवरच्या पोत्यात येऊन पडते ती माणसे आपली आहेत. म्हणून या कराराची चर्चा आपल्या वस्तीत झालीच पाहिजे, असे आम्हाला वाटते.

या कराराचा इतिहास फार जुना नाही. मार्च २०२२ मध्ये केनियाची राजधानी नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने ठराव केला की, २०२४ सालाच्या अखेरपर्यंत असा करार तयार करायचा आणि त्यात प्लास्टिकच्या जन्मापासून मरणापर्यंतचा सगळा प्रवास धरायचा. या ठरावाचा मूळ मसुदा मांडणाऱ्यांत रवांडा हा आफ्रिकेतील छोटा आणि गरीब देश होता, पेरू होता. रवांडाने तर प्लास्टिकच्या पिशव्यांवर २००८ सालीच बंदी घातली होती. त्यानंतर उरुग्वे, पॅरिस, पुन्हा नैरोबी, कॅनडातील ओटावा अशा बैठका झाल्या. डिसेंबर २०२४ च्या पहिल्या दिवशी दक्षिण कोरियातील बुसान येथे ठरलेली शेवटची बैठक करार न होताच संपली. पुढच्या वर्षी जिनिव्हालाही तेच झाले. फेब्रुवारी २०२६ मध्ये जिनिव्हात पुन्हा एक दिवसाची बैठक भरली ती केवळ नवा अध्यक्ष निवडण्यासाठी.

एवढ्या बैठका होऊनही घोडे कुठे अडले? ते एकाच प्रश्नावर अडले. प्लास्टिक मुळात कमी बनवायचे, की हवे तेवढे बनवून त्याच्या कचऱ्याची विल्हेवाट लावत बसायचे?

आकडेच पाहा. १९५० साली साऱ्या जगात जेमतेम २० लाख टन प्लास्टिक तयार होत होते. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या अहवालानुसार २०१९ साली ते ४६ कोटी टनांवर गेले. म्हणजे २००० सालापासूनच्या अवघ्या एकोणीस वर्षांत ते जवळपास दुप्पट झाले. त्या वर्षी जगात ३५ कोटी टनांहून अधिक प्लास्टिकचा कचरा झाला आणि त्यातून पुन्हा वापरात आले फक्त ९ टक्के. बाकीचे जमिनीत गाडले गेले, जाळले गेले, नदीनाल्यांत आणि समुद्रात गेले. सत्तर वर्षे ज्या कंपन्या आपल्याला सांगत आल्या की काळजी करू नका, याचे पुन्हा प्लास्टिक होते, त्यांच्या सांगण्यातले खरे निघाले ते शंभरात नऊ. अशा वेळी केवळ कचरापेट्या वाढवा, जनजागृती करा, शाळेतल्या मुलांकडून घोषवाक्ये लिहून घ्या असे सांगणे म्हणजे रोग हल्याला आणि औषध पखालीला असा प्रकार आहे.

बुसानला पनामा या देशाने उत्पादन कमी करण्याचे जागतिक उद्दिष्ट ठरवावे असा प्रस्ताव ठेवला. त्याला शंभराहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. विरोध केला तो सौदी अरेबिया, रशिया, इराण, कुवेत यांच्या गोटाने. त्यात नवल काही नाही. प्लास्टिक जवळजवळ सगळेच खनिज तेल, वायू आणि कोळशापासून बनते. उद्या गाड्या विजेवर धावू लागल्या तर तेल कुठे खपवायचे, या प्रश्नाला त्यांनी शोधलेले एक उत्तर प्लास्टिक हे आहे. जिनिव्हाच्या बैठकीला तेल आणि रसायन उद्योगाची बाजू मांडणारे किमान २३४ जण हजर होते, अशी मोजणी पर्यावरण कायद्याचे काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने केली. चोरांच्या बंदोबस्तासाठी भरलेल्या पंचायतीत चोरांचेच वकील पहिल्या रांगेत बसावेत, तसे हे झाले.

आता प्रश्न आपल्या देशाचा. भारत सरकारने बुसानमध्ये स्पष्ट सांगितले की, मूळ प्लास्टिकच्या उत्पादनावर नियंत्रण आणणाऱ्या उपायांना आम्ही पाठिंबा देऊ शकत नाही, कारण हा देशांच्या विकासाच्या हक्काचा प्रश्न आहे. जिनिव्हालाही भारत त्याच तेलवाल्या देशांच्या पंगतीत बसला. सरकारच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. सरासरी अमेरिकन माणूस भारतीय माणसाच्या कित्येक पट प्लास्टिक वापरतो. ज्यांनी सत्तर वर्षे मनसोक्त उधळले त्यांनी आता आपल्याला काटकसर शिकवावी, याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण हाच प्रश्न ओझोनच्या वेळी आला होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारावर भारताने लगेच सही केली नाही. गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञान कोण देणार, पैसे कोण देणार, असे विचारले. १९९० साली लंडनच्या बैठकीत त्यासाठी निधी उभारण्याचे ठरले आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. ती रसायने बनवणे बंद झाले आणि देशाचा विकास काही थांबला नाही. तेव्हा गरिबांचा हक्क मागायचा तर तो असा मागता येतो. मर्यादेला होकार द्यायचा आणि तिची किंमत श्रीमंतांकडून वसूल करायची. मर्यादाच नको, असे म्हणणे वेगळे. तिथे गरिबाचे फक्त नाव वापरले जाते.

आणि हा विकास नेमका कोणाचा? रायगड जिल्ह्यात नागोठण्याला प्लास्टिकचा कच्चा माल बनवणारा मोठा प्रकल्प आहे. तो इंडियन पेट्रोकेमिकल्स या सरकारी कंपनीने उभारला. सरकारी कंपनी म्हणून तिथल्या नोकऱ्यांत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण होते. २००२ साली निर्गुंतवणुकीच्या लाटेत ही कंपनी रिलायन्सच्या ताब्यात गेली. खासगी मालकाला आरक्षणाचे बंधन नाही. याच रायगड जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे, हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे जिथे प्लास्टिक बनते, जिथे पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे, वसाहत आहे, त्या टोकाला आपले आरक्षण संपले. आणि जिथे प्लास्टिक मरते, त्या उकिरड्याच्या टोकाला मात्र आपले आरक्षण न मागता, कोणत्याही शासन निर्णयाशिवाय, पिढ्यान्पिढ्या चालूच आहे. त्या आरक्षणाविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तिथे गुणवत्तेचा प्रश्नही कोणी विचारत नाही.

भारतात कचरा वेचून जगणाऱ्यांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनुसार १५ लाखांपासून ४० लाखांपर्यंत सांगितली जाते. नेमकी मोजदाद झालेलीच नाही, आणि यातच सर्व काही आले. पुण्यात १९९३ साली बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिचे सभासद कोण, असे पाहिले तेव्हा बहुसंख्य स्त्रिया निघाल्या, आणि त्याही मातंग, बौद्ध अशा आपल्याच समाजातल्या. त्यातल्या कितीतरी १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून गाव सोडून आलेल्या कुटुंबांतल्या. गावात जातीने माणसे आधी वाटली आणि मग कामे त्यांच्या माथी मारली. शहरात आल्यावर गावकीचे काम गेले, पण घाण त्याच माथ्यावर राहिली. मुंबईतही वेगळे नाही. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७ पासून कचरा टाकला जातो असे सांगतात. त्याच वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. जवळपास शंभर वर्षे झाली. तळ्यावरचा हक्क मिळाला, पण देवनारचा डोंगर वाढतच राहिला आणि त्याच्या पायथ्याशी कोणाच्या झोपड्या आहेत हे तिथे गेल्यावर कोणालाही दिसते. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, धुराने मुंबई गुदमरली. त्यानंतर झाले काय, तर कचरावेचकांना आत जाण्यास मनाई झाली. कचरा कोणी केला, हा प्रश्न मागे पडला.

या माता-भगिनींना प्लास्टिकचे शास्त्र कोणत्याही तज्ज्ञापेक्षा चांगले कळते. दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, बादलीचे कडक प्लास्टिक या प्रत्येकाला भंगारवाल्याकडे वेगळा भाव आहे. पण वेफर्सचे चकचकीत पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची एक रुपयाची पुडी यांना भाव नाही. कारण त्यांत प्लास्टिकचे आणि धातूच्या पत्र्यासारखे अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत. तासभर वेचले तरी त्याचे चार आणे होत नाहीत. म्हणून ते गटारात राहते. आणि गटार तुंबले की, वस्तीतले लोकच घाणेरडे, असा शेरा मिळतो.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांत लिहिले होते की, ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही असे अनेक थरांचे प्लास्टिक दोन वर्षांत बंद करावे. दोन वर्षे भरत आली तेव्हा, २०१८ साली, कंपन्यांनी पाकिटे बदलली नाहीत, सरकारने नियम बदलला. नव्या शब्दांनुसार ज्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही, ज्यापासून ऊर्जा मिळत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, तेवढेच प्लास्टिक बंद करायचे. प्लास्टिक जाळले की उष्णता निघतेच. म्हणजे भट्टीत टाकता येते एवढ्या एका कारणावर सगळी पाकिटे निर्दोष सुटली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली. त्यात कानकोरणीच्या काड्या, फुग्यांच्या दांड्या, स्ट्रॉ, चमचे आले. शाम्पूची पुडी नाही आली.

महाराष्ट्रातील बंदीचा अनुभवही आपल्यासमोर आहे. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना, २३ जूनपासून अंमलबजावणी, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार रुपये दंड. हा दंड भाजीवालीला, फुलवालीला, मासेविक्री करणाऱ्या बाईलाही तेवढाच. तिची दिवसाची कमाई किती याचा विचार अधिसूचनेत कुठे दिसला नाही. किराणा दुकानदारांना मात्र काही दिवसांतच पॅकिंगसाठी सवलत मिळाली. त्याच अधिसूचनेत एक चांगली गोष्ट होती. दुधाची रिकामी पिशवी परत घेऊन किमान ५० पैसे द्यावेत, अशी तरतूद होती. ते ५० पैसे आमच्या वाचकांपैकी कोणाला मिळाले असतील तर त्यांनी अवश्य कळवावे.

पुढे उत्पादकांवर जबाबदारी टाकणारी योजना आली. कंपनीने बाजारात जितके प्लास्टिक सोडले तितक्याची विल्हेवाट झाल्याचे प्रमाणपत्र तिने विकत घ्यायचे. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली. कागदावर प्लास्टिक गोळा झाले, कागदावरच त्याची प्रक्रिया झाली, आणि पैसे मात्र खरेखुरे हातांतून हातांत गेले. त्या हातांत प्रत्यक्ष वेचणाऱ्या बाईचा हात नव्हता. तिचा हक्काचा वाटा या योजनेत कुठेच लिहिलेला नाही.

इथे एक गोष्ट आपण आपल्यालाही विचारली पाहिजे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात. त्यांच्यासाठी अन्नदानाचे, पाण्याचे स्टॉल लागतात. मागे उरतो तो पाण्याच्या पाऊचचा, प्लेटचा ढीग. त्यावरून आपल्याला नावे ठेवणाऱ्यांची नजर जातीय असते, ते इतर उत्सवांतल्या कचऱ्यावर गप्प असतात, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी तो ढीग उपसणारा सफाई कामगारही बहुधा आपलाच भाऊ असतो, हेही तितकेच खरे.

मूळ मुद्द्याकडे येऊ. या करारात कचरावेचकांचे स्थान काय? नैरोबीच्या ठरावात असंघटित आणि सहकारी पद्धतीने काम करणाऱ्या कचरा कामगारांच्या योगदानाची दखल घेतली गेली, ती सुखासुखी नव्हे. कोलंबियातील बोगोटा येथे २००८ साली जगभरच्या कचरावेचकांची पहिली परिषद झाली, तेव्हापासून त्यांच्या संघटना यासाठी झगडत आहेत. ब्राझीलने २००२ सालीच या कामाची अधिकृत व्यवसाय म्हणून नोंद केली. बोगोटा शहर तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाच्या आदेशानंतर २०१३ पासून कचरावेचकांना वजनानुसार मोबदला देऊ लागले. भंगाराचा भाव त्यांना वेगळा मिळतोच. हा मोबदला शहराची सेवा केल्याबद्दलचा आहे. कराराच्या मसुद्यात ‘न्याय्य संक्रमण’ या नावाखाली कचरावेचकांविषयीचा मजकूर आला, परंतु त्याला ‘योग्य वाटेल तेथे’, ‘राष्ट्रीय परिस्थितीनुसार’ अशी शेपटे जोडलेली. आपल्या देशात राष्ट्रीय परिस्थिती म्हणजे काय असते हे आपल्याला चांगले माहीत आहे.

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतील की, बाबासाहेबांनी तर घाणेरडी कामे सोडा असे सांगितले. मग कचरा वेचण्याला मान्यता मागणे म्हणजे पुन्हा जातीच्या कामाला चिकटणे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. मेलेली ढोरे ओढू नका, हे बाबासाहेबांनी निक्षून सांगितले. पण त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले, ते काढून वाचावे. ज्याला वतनाच्या सेवेतून मोकळे व्हायचे आहे त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी आणि सेवेतून सुटका मिळावी. जो सेवेत राहील त्याला बलुत्याच्या भिकेऐवजी रोख मोबदला मिळावा. सुटणाऱ्याच्या हाती जमीन, राहणाऱ्याच्या हाती पैसा. नुसते काम सोडा असे सांगून त्यांनी माणसाला वाऱ्यावर सोडले नाही. ते विधेयक तेव्हा पुढे जाऊ दिले गेले नाही, त्यांना ते मागे घ्यावे लागले. परंतु जिनिव्हात ज्याला आज न्याय्य संक्रमण म्हणतात, त्याचा आराखडा बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवला होता.

त्याच धोरणाने या करारात दोन गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत. पहिली, उत्पादनावर मर्यादा आणि ज्याला भंगारात भाव नाही अशा प्लास्टिकवर बंदी. कारण कचरा वाढला की वेचणारीची कमाई वाढते हा समज खोटा आहे. वाढतो तो बहुधा भाव नसलेला कचरा, जाळल्यावर छातीत जाणारा धूर आणि ती रसायने. प्लास्टिकमध्ये १६ हजारांहून अधिक रसायने वापरात आहेत किंवा आढळली आहेत आणि त्यांपैकी ४ हजार २०० हून अधिक घातक आहेत, असे २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले. ती हातमोज्याशिवाय हाताळते कोण? दुसरी गोष्ट, जी बाई आज या कामात आहे तिला ओळखपत्र, मजुरी, विमा आणि निवृत्तिवेतन, आणि तिच्या मुलामुलींना शेवटपर्यंत शिक्षण, म्हणजे पुढच्या पिढीच्या पाठीवर पोते येणार नाही. उत्पादन घटवून तिला उपाशी ठेवणे जितके अन्यायाचे, तितकेच तिच्या पोटाचे निमित्त करून उत्पादन वाढवत राहणेही अन्यायाचे.

केंद्राने सफाई कामगारांच्या नमस्ते योजनेत २०२४ साली कचरावेचकांचा समावेश केला, हे योग्यच झाले. पण योजना म्हणजे हक्क नव्हे. ती सरकारच्या मर्जीवर चालते. उत्पादकांच्या प्रमाणपत्रांच्या व्यवहारातील ठरावीक हिस्सा प्रत्यक्ष वेचणाऱ्यांच्या नावे जमा झाला पाहिजे, असा कायदा हवा. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आमच्या खासदारांनी आणि आमदारांनी हा प्रश्न सभागृहात किती वेळा विचारला, याचा हिशेब त्यांनी द्यावा. भारताचे शिष्टमंडळ या वाटाघाटींच्या पुढच्या फेरीला जाईल तेव्हा त्यात पर्यावरण आणि रसायन मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांबरोबर पुण्याच्या किंवा देवनारच्या कचरावेचक भगिनींपैकी एकीला बोलण्याच्या अधिकारासह खुर्ची मिळावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी आतापासूनच लेखी नोंदवावी. तिच्या भाषणाचा अनुवाद करायला संयुक्त राष्ट्रांकडे माणसे आहेत.